दुआ आणि सुई : प्लेगच्या मुंबईवर ठेवलेला एक जुना आरोप

मागच्या वर्षी घरातल्या एका आजारी माणसाला घेऊन परळला तीन आठवडे ये-जा करावी लागली. परळचा तो भाग म्हणजे दवाखान्यांचा एक गावच आहे. टाटा, केईएम, वाडिया सगळे जवळजवळ. बीड, नांदेड, जळगावपासून थेट बिहारपर्यंतची माणसे तिथल्या फुटपाथवर चटया टाकून राहतात. एके दिवशी नंबर यायची वाट पाहत बाकावर बसलो होतो. शेजारी मराठवाड्यातल्या एक खाला होत्या. एका हातात तसबीह, दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेली फाईल. ओठ सारखे हलत होते. विचारले, "खाला, क्या पढ रहे?" म्हणाल्या, "आसानी की दुआ है बेटा. गाँव के इमाम साब बताए." मग लगेच फाईल माझ्या पुढ्यात धरून म्हणाल्या, "जरा देखो, इसमें सब रिपोर्टां है ना? कल एक कम निकला तो वापस भेज दिए."

हा प्रसंग मी विसरूनही गेलो असतो. पण त्याच आठवड्यात फोनवर दोन गोष्टी आल्या. पहिली होती एक ध्वनिफीत. कोणी एक साहेब सांगत होते की अमुक दुआ अमुक इतक्या वेळा पढा, डॉक्टरकडे जायची गरज उरणार नाही, आणि ही फीत दहा जणांना पाठवा. दुसरी गोष्ट इतिहासाची आवड असलेल्या एका मित्राने पाठवलेला मजकूर होता. मुंबईत १८९६ साली प्लेग आला तेव्हा मुसलमान नशिबावर हवाला ठेवून बसले, लशीला नकार दिला, वर दंगल केली, असा त्याचा सूर. दोन्ही मजकूर एकमेकांच्या विरुद्ध टोकाचे वाटतात, पण दोघांचे गृहीतक एकच आहे. मुसलमानाने दुआ मागितली म्हणजे त्याने हातपाय हलवणे सोडले, असे दोघेही धरून चालतात. मित्राला फोनवर थोडक्यात उत्तर दिले. ते त्याला पटले नाही आणि मलाही पुरेसे वाटले नाही. म्हणून हा लेख.

आधी ती दुआ. हदीसच्या ग्रंथांपैकी इब्न हिब्बान यांच्या संग्रहात ती हजरत अनस बिन मालिक यांच्या हवाल्याने येते. अगदी छोटी आहे, एका श्वासात म्हणून होते. तिचा आशय असा की, तू सोपे केल्याशिवाय काहीच सोपे नसते आणि तुझ्या मनात आले तर खडतरही सोपे होते. यात दोन अरबी शब्द समोरासमोर उभे आहेत, 'सहल' आणि 'हज्न'. भाषांतरात आपण सोपे आणि अवघड म्हणून मोकळे होतो, पण अरबांसाठी हे दोन्ही शब्द जमिनीचे होते. सहल म्हणजे सपाट, चालायला मऊ माळ. हज्न म्हणजे दगडधोंड्यांची, उंचसखल, पाय सोलणारी जमीन. दु:खासाठी अरबीत असलेला 'हुज्न' हा शब्दही याच मुळाचा. (मराठी कानाला सहल म्हटले की शाळेची सहल आठवते, त्याला इलाज नाही.) म्हणजे ही दुआ मागणारा माणूस बसलेला नाही. तो वाटेवर आहे आणि पायाखालच्या जमिनीबद्दल बोलतो आहे.

या दोन शब्दांवरून बुखारीत एक छान किस्सा आहे. मदीनेचे मोठे विद्वान सईद बिन मुसय्यब यांच्या आजोबांचे नावच हज्न होते. पैगंबरांनी त्यांना नाव विचारले आणि सांगितले की आजपासून तुम्ही सहल. आजोबा अडून बसले. बापाने ठेवलेले नाव बदलणार नाही म्हणाले. पैगंबरांनीही सक्ती केली नाही. नातू सईद पुढे सांगत की तेव्हापासून आमच्या घराण्यात तो खडबडीतपणा टिकून राहिला. मला हा किस्सा आवडतो, कारण त्यात सोपेपणा देऊ केला जातो, लादला जात नाही.

दुसरा आधार कुरआनच्या ९४व्या सूरहचा. सूरह अल-इनशिराह अवघ्या ८ आयतींची आहे आणि आपल्याकडे नमाज शिकणाऱ्या पोरांनाही पाठ असते. कष्टाबरोबर सुलभता आहे हे आश्वासन तिथे लागोपाठ दोनदा येते. नंतर नव्हे, बरोबर. हे लोक उद्धृत करतात आणि थांबतात. पण सूरह तिथे थांबत नाही. शेवटच्या दोन आयतींत सांगितले आहे की एका कामातून मोकळा झालास की पुन्हा कष्टाला लाग आणि ओढ आपल्या पालनकर्त्याची ठेव. हे कष्ट कसले यावर भाष्यकारांत मतभेद आहेत, अनेकांनी इबादतीचे कष्ट म्हटले आहे. तरी आश्वासनाच्या पाठोपाठ कामाचा हुकूम यावा, विश्रांतीचा नव्हे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आता साथीच्या रोगाचा प्रश्न. तो मुसलमानांपुढे पहिल्यांदा मुंबईत आला नाही. हिजरी १८ मध्ये, म्हणजे इसवी सन ६३९च्या सुमाराला, शाममध्ये अमवासचा प्लेग उसळला. त्या काळात खलिफा उमर फौजफाट्यासह तिकडे निघाले होते. सर्ग नावाच्या मुक्कामी त्यांना साथीची खबर मिळाली. त्यांनी आधी मुहाजिरांशी, मग अन्सारांशी, मग कुरैशच्या जुन्या जाणत्यांशी मसलत केली आणि परत फिरायचे ठरवले. सेनापती अबू उबैदा यांना ते रुचले नाही. अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय, असे त्यांनी विचारले. उमर यांचे उत्तर प्रसिद्ध आहे. आपण एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे जातो आहोत, असा त्याचा भाव होता. मग त्यांनी दाखला दिला तोही जमिनीचाच. तुझे उंट एका खोऱ्यात उतरले, एक उतार हिरवा आणि दुसरा उजाड. हिरव्यावर चारलेस तरी तकदीर आणि उजाडावर चारलेस तरी तकदीर. मग चारायचे कुठे? इतक्यात अब्दुर्रहमान बिन औफ आले आणि त्यांनी पैगंबरांचा आदेश सांगितला की साथ असेल त्या मुलखात शिरू नका आणि तुम्ही असाल तिथे साथ आली तर तिथून पळू नका.

अबू उबैदा शाममध्येच राहिले आणि त्याच साथीत गेले. त्यांच्या मागून मुआज बिन जबलही गेले. त्यानंतर अम्र बिन आस यांनी लोकांना डोंगरांत पांगायला सांगितले, अशी नोंद आहे. म्हणजे पहिल्या पिढीतच तीन मते होती आणि तिघेही सहाबी होते. पुढे मुंबईत यातले एकच वाक्य उचलून 'मुसलमानांच्या धर्मात पळणे मना आहे' असा निष्कर्ष काढणारे गोरे अधिकारीही होते आणि आपले काही मौलवीही होते. उमर परत फिरले, ही अर्धी गोष्ट दोघांनीही सोडून दिली.

आणखी एक नाव सांगतो आणि मग मुंबईत येतो. कैरोचे इब्न हजर अस्कलानी. बुखारीवरचे सर्वांत मोठे भाष्य त्यांचे. प्लेगने त्यांच्या तीन मुली नेल्या. प्लेगवर त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले. हिजरी ८३३ च्या, म्हणजे १४३०च्या सुमाराच्या साथीत कैरोचे लोक रोजे ठेवून, मोठ्या जमावाने शहराबाहेर माळावर जाऊन दुआ मागून आले. इब्न हजर यांनी नोंदवले आहे की जाण्याआधी रोजचे मृत्यू चाळीसच्या आत होते आणि परतल्यावर महिनाभरात ते हजारावर गेले. बापाचे दु:ख पोटात असलेल्या या आलिमाने आकडे लपवले नाहीत. दुआ करायची, पण त्यासाठी गर्दी जमवणे हा पैगंबरांचा रिवाज नाही, अशी त्यांची भूमिका होती. हे पाचशे नव्वद वर्षांपूर्वीचे आहे.

आता मुंबई. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. काही महिन्यांत जवळपास निम्मे शहर गाव गाठायला निघाले. परळ-लालबागच्या गिरण्यांतले रत्नागिरी-साताऱ्याचे कामगार बोटीने, रेल्वेने, पायी घरी गेले. १८९१च्या जनगणनेत ८,२१,७६४ असलेली मुंबई १९०१ साली ७,७६,००६ वर आली. वाढत्या शहराची लोकसंख्या दहा वर्षांनी घटलेली दिसावी, यावरून काय झाले असेल त्याचा अंदाज येतो.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला. मार्चमध्ये जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती बसली आणि तपासणी पथके घरोघरी शिरू लागली. आजारी सापडला की दवाखान्यात, घरचे छावणीत, सामानाला आग. गाठ काखेत आणि जांघेत येते, त्यामुळे तपासणी तिथेच व्हायची. स्टेशनांवर, रस्त्यावर, परक्या पुरुषांच्या हातून. ज्या घरातली बाई उंबऱ्याबाहेर तोंड उघडे टाकत नव्हती, मग ते घर मोमीनांचे असो की मराठ्यांचे, त्या घरावर काय गुदरले असेल, हे समजायला धर्मग्रंथ उघडावे लागत नाहीत.

माझ्या मित्राने पाठवलेल्या मजकुरात पहिली मोठी गाळलेली जागा इथे आहे. दवाखान्यावरचा पहिला मोठा हल्ला मुसलमानांनी केला नव्हता. ऑक्टोबर १८९६ मध्ये आर्थर रोडच्या दवाखान्यावर चालून गेला तो सुमारे हजार गिरणी कामगारांचा जमाव होता. तो दवाखाना म्हणजे आजचे सात रस्त्याजवळचे कस्तुरबा रुग्णालय. त्या वेळी शहरात अफवा होती की राणीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले म्हणून राणी चिडली आहे आणि तिला हिंदी माणसांची काळजे हवी आहेत, म्हणून दवाखान्यात नेतात. या अफवेला जात-धर्म नव्हता. पुण्यात रँडच्या पथकांविरुद्धचा संताप तर मराठी शाळेतल्या प्रत्येक पोराला माहीत आहे. तोच संताप पुण्यात असला की स्वाभिमान आणि मदनपुऱ्यात असला की नशीबवाद, हा हिशेब मला कधी जमला नाही. गोळ्या घालून माणूस मारण्याचे समर्थन मी इथे करत नाही, मोजपट्टी एक असावी एवढेच म्हणतो.

मदनपुऱ्याची घटना ९ मार्च १८९८ची. उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांची ही वस्ती, ज्यांना सरकारी कागदांत जुलाहा म्हटले आहे. हातमागावर घर चालायचे. तपासणी पथक एका आजारी मुलीला उचलून न्यायला आले आणि मोहल्ला अडवा आला. दगडफेक, गोळीबार, दोन्ही बाजूंनी माणसे मेली. भांडण मदनपुऱ्यातच राहिले नाही. पुढच्या दिवसांत गोदीतले मजूर आणि गाडीवान यांनीही काम बंद ठेवले आणि त्यांत हिंदू मोठ्या संख्येने होते. प्रश्न लशीचा नव्हताच. आपली मुलगी कोणाच्या हाती जाते, कुठे जाते, परत येते की नाही, आणि मेली तर तिला गुसल, कफन, जनाजा मिळतो की नाही, हा प्रश्न होता. त्यानंतर सरकारने सक्ती सैल केली. जातीजमातींनी आपापले प्लेगचे दवाखाने चालवले. आपल्या माणसांनी, आपल्या रिवाजाने शुश्रूषा होते म्हटल्यावर लोक तिथे आजारी आणू लागले. दवाखाना तोच, औषधही तेच. बदलले होते ते वागवणे.

आता सुईची गोष्ट. वाल्देमार हाफकिन हा ओडेसाचा ज्यू शास्त्रज्ञ ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आला. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या व्हरांड्यातल्या जागेत काम करून त्याने काही महिन्यांत प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना. पण शहर घाबरलेले होते. टोचल्यावर ताप यायचा, हात सुजायचा, रोजावरच्या माणसाला दोन दिवस घरी बसणे म्हणजे चूल बंद. सरकारची सक्ती आणि सरकारचीच सुई, विश्वास ठेवायचा कसा?

अशा वेळी पुढे आला तो विशीही पुरती न ओलांडलेला एक मुसलमान धर्मगुरू. तिसरे आगाखान सुलतान महंमद शाह, इस्माइली खोजांचे इमाम, जन्म १८७७. त्यांनी चारचौघांत, उघडपणे आणि एकदा नव्हे अनेकदा स्वतःला लस टोचून घेतली, म्हणजे आपल्या अनुयायांपर्यंत बातमी पोहोचेल. १९५४ साली आलेल्या आठवणींच्या पुस्तकात त्यांनी हे सविस्तर लिहिले आहे. एवढेच नव्हे तर खुश्रू लॉज हा आपला बंगला प्रयोगशाळेसाठी हाफकिनला दिला. खोजा जमातीतल्या दहा-बारा हजार लोकांनी लस घेतल्याचे हाफकिन संस्थेच्या इतिहासात नोंदलेले आहे. इथे कोणी म्हणेल, इस्माइली खोजे म्हणजे सगळे मुसलमान नव्हेत. बरोबर आहे. पण मग मदनपुऱ्याचे विणकर म्हणजे तरी सगळे मुसलमान कसे? दंगल झाली की ती समाजाची आणि लस घेतली की ती एका जमातीची, हीसुद्धा एक जुनी खोड आहे.

मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की आगाखानांनी लोकांना दुआ सोडा असे सांगितले नाही. ज्याच्या दुआवर लोकांचा भरवसा होता त्या माणसाने आपली बाही वर केली. हा भरवसा गॅटेकर यांच्या समितीकडे नव्हता आणि तो फौज लावून मिळणाराही नव्हता.

१८९९ च्या ऑगस्टमध्ये हाफकिनची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. ही इमारत मुळात पोर्तुगीज पाद्र्यांची, मग इंग्रज गव्हर्नरांची. १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी तिथे कॉलऱ्याने गेली आणि त्यानंतर गव्हर्नरांनी परळ सोडले ते सोडलेच. १९०२ साली पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली, हाफकिनवर ठपका आला, नोकरी गेली आणि १९०७ साली तो निर्दोष ठरला. म्हणजे सुईबद्दल शंका घेणारे सगळेच अडाणी नव्हते. १९२५ मध्ये संस्थेला त्याचे नाव मिळाले. आम्ही ज्या बाकावर बसलो होतो तिथून ती इमारत चालत काही मिनिटांवर आहे.

प्लेगने मुसलमानांच्या एका मोठ्या दुआवरही बंदी घातली. मुंबई हे तेव्हा हिंदुस्थानातले हजचे मुख्य बंदर. १८९७ साली सरकारने इथून हजला जाणाऱ्या बोटी थांबवल्या. आयुष्यभर पैसे साठवून बंदरापर्यंत आलेल्या माणसांचे काय झाले असेल? नाराजी होती, अर्ज-विनंत्याही झाल्या. पण रस्त्याची सुरक्षितता हीच हज फर्ज होण्याची एक अट आहे हे फिकहच्या कोणत्याही विद्यार्थ्याला माहीत असते. धर्मात ही वाट आधीपासून होती. २०२० साली जेव्हा सौदीबाहेरच्या लोकांना हज बंद झाली तेव्हा अनेकांना वाटले की असे पहिल्यांदाच घडते आहे.

प्लेगमुळे शहराची जमीनही बदलली. १८९८ साली मुंबई सुधार ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या फोडून हवा खेळती करायची, रुंद रस्ते काढायचे, असा बेत. प्रिन्सेस स्ट्रीट, महंमद अली रोड, सिडनहॅम कॉलेजच्या नावाने आठवणारा तो सगळा काळ. खडबडीत जमीन शब्दशः सपाट झाली. ती ज्यांची घरे पाडून झाली त्यांना सोपे काय मिळाले, हा वेगळा आणि लांबचा हिशेब आहे. परळमधल्या ट्रस्टच्या चाळी म्हणजे बीआयटी चाळी. त्यातल्याच एका खोलीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वीसेक वर्षे काढली.

याच ट्रस्टच्या दादर-माटुंगा योजनेतून दादरची पारशी कॉलनी उभी राहिली. आणि इथे एक गंमत आहे, जी मला एका पारशी शेजारणीमुळे कळली. पारशी घरांत शुक्रवारी 'मुश्किल आसान'ची कथा वाचतात. एका गरीब लाकूडतोड्याची गोष्ट, बेहराम यझदचे स्मरण, आणि ऐकता ऐकता हरभरे-चणे निवडायचे. हीच लाकूडतोड्याची गोष्ट आणि सुक्या मेव्याचा हाच वाटा इराण-अफगाणिस्तानातल्या मुसलमान बायका 'मुश्किल कुशा'च्या नावाने करतात. मुश्किल कुशा म्हणजे अडचण सोडवणारा, हजरत अली यांचे बिरुद. कोणाचे मूळ आणि कोणाची नक्कल हा वाद मला नको. अहल-ए-हदीस विचाराचा माझा एक भाऊ म्हणेल की हे सगळे बिदअत आहे, मागायचे तर थेट अल्लाहकडे मागा. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण चणे निवडत बसलेल्या त्या बाईला कोणत्या कष्टातून सुटायचे आहे, हे आधी विचारावे आणि बिदअतचे मग बघावे, असे मला वाटते.

दादरच्या पुढचे स्टेशन माटुंगा रोड आणि मग माहीम. तिथे मखदूम अली माहिमी झोपले आहेत. १३७२ ते १४३१. उरुसात मुंबई पोलिसांची संदल निघते एवढेच बहुतेकांना माहीत असते. पण हा नवायत घराण्यातला माणूस अरबी भाषेत कुरआनचे भाष्य लिहिणारा आलिम होता. त्या भाष्याच्या नावात 'तैसीर' हा शब्द आहे, म्हणजे सोपे करणे. सूरह इनशिराहमध्ये सुलभतेसाठी जो 'युस्र' शब्द येतो, त्याच धातूतला. प्रत्येक सूरहच्या सुरुवातीच्या बिस्मिल्लाहचा अर्थ त्या त्या सूरहच्या विषयाला धरून वेगळा लावायचा, ही त्यांची खास रीत. एकोणिसाव्या शतकात ते इजिप्तमध्ये बुलाकच्या छापखान्यात छापले गेले. कैरोत इब्न हजर प्लेगचे मृत्यू मोजत होते तेव्हा कोकण किनाऱ्यावर हा माणूस हयात होता. आपल्या शहराच्या या बाजूबद्दल आपण मराठीत फार कमी लिहिले आहे, मीसुद्धा.

२०२० च्या मार्चमध्ये कस्तुरबा रुग्णालय पुन्हा बातम्यांत आले. मुंबईतले पहिले कोरोना रुग्ण तिथेच दाखल झाले. मशिदी बंद झाल्या. अनेक ठिकाणी लोक रात्री गच्चीवर जाऊन अजान देत होते. साथीत अजान देण्याचा रिवाज आपल्याकडे जुना आहे, त्यावर आलिमांत वाद आहे तोही जुना आहे. रमजान आला आणि तरावीह घरात झाली. ज्यांनी इब्न हजर वाचले नव्हते तेही त्यांच्या मताप्रमाणे वागले. काही वागले नाहीत, हेही खरे. आणि काहींच्या चुकीवरून साऱ्या समाजाला साथ पसरवणारा ठरवण्यात आले, हेही खरे. १८९७ पेक्षा या वेळी फक्त साधने वेगवान होती.

३० मार्च २०२० रोजी महापालिकेने परिपत्रक काढले की कोरोनाने मेलेल्या सर्वांचे, धर्म कोणताही असो, दहन होईल. काही तासांत ते मागे घेतले गेले. ते काही तास आमच्या घरात कोणी जेवले नाही. मदनपुऱ्यातल्या त्या मुलीच्या बापाला काय वाटले असेल, हे मला पुस्तकातून कळले नव्हते, त्या संध्याकाळी कळले.

मरीन लाइन्सला, गिरगावच्या कडेला, चंदनवाडी स्मशान आणि बडा कब्रस्तान जवळजवळ आहेत. जुनी मुंबईकर माणसे या साऱ्या भागाला सोनापूर म्हणत. 'सोनापूरला पोहोचवणे' म्हणजे काय ते गिरगावकराला सांगावे लागत नसे. कोरोनाच्या त्या महिन्यांत बडा कब्रस्तानशी जोडलेले काही मुसलमान स्वयंसेवक ज्यांचे नातेवाईक येऊ शकत नव्हते किंवा येत नव्हते अशा हिंदू मृतांनाही स्मशानात नेऊन त्यांचे अंत्यसंस्कार करत होते. अंगावर तो प्लास्टिकचा पोशाख, मे महिन्याचा उकाडा, आणि त्यातल्या कित्येकांचे रोजे. त्याच्या बातम्या आल्या, फोटो आले, नंतर लोक विसरले. त्या ध्वनिफितीतल्या साहेबांना मी विचारू इच्छितो की या पोरांनी दुआ मागितली नसेल काय? आणि माझ्या मित्राला विचारू इच्छितो की ही पोरे नशिबावर हवाला ठेवून बसली होती काय?

परळच्या त्या बाकावर खालांची फाईल मी उघडून पाहिली. रिपोर्ट सगळे होते, फक्त उलटसुलट लागले होते. तारखेप्रमाणे लावून दिले. रक्ताच्या तपासणीचा एक कागद दुमडून रेशन कार्डाच्या आत गेला होता, तो काढून वर ठेवला. त्या तोवर तसबीह फिरवतच होत्या, पण नजर माझ्या हातांवर होती. खिडकीवर त्यांचा नंबर पुकारला गेला. त्यांनी तसबीह मुठीत गोळा केली, फाईलच्या पिशवीत टाकली, आणि उठताना गुडघ्यावर हात टेकून म्हणाल्या, "बेटा, वो लिफ्ट किधर है? सीढी मेरे से नहीं होती."